मांजराचे डोळे आले तर काय करावे?



लेकरांचे लसीकरण, बाळंतिणीचा आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज असे विषय या सदरात नेहमी येतात. आज मांजराच्या डोळ्यांवर लिहीत आहोत म्हटल्यावर काही वाचकांना हसू येईल. "माणसाच्या औषधाला पैसा पुरत नाही आणि तुम्ही मांजराचे काय घेऊन बसलात?" असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आपल्या परभणी जिल्ह्यात मजुरी करणाऱ्याच्या घरीही थोडीफार ज्वारी, तूर, नाहीतर रेशनचे गहू-तांदूळ पोत्यात किंवा पत्र्याच्या कोठीत भरलेले असतात. पोते आले की उंदीर येतो आणि उंदरामागे मांजर येते. ते कोणी विकत आणलेले नसते. वाटीभर दूध आणि भाकरीच्या तुकड्यावर ते आपल्या धान्याची राखण करते. लेकरांचे ते सवंगडी होते, थंडीत त्यांच्याच गोधडीत शिरते. असा हा बिनपगारी राखणदार. त्याचा डोळा दुखू लागला तर त्याला बोलून सांगता येत नाही. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की, मांजराचा डोळा पुष्कळदा मूळ रोगापेक्षा उशिराने आणि चुकीच्या औषधानेच जातो.

आमच्या वस्तीतलेच एक उदाहरण सांगतो. घर मोंढ्यात हमाली करणाऱ्याचे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, हे आपणास आठवत असेल. जुलै महिन्यात पुण्याजवळच्या आळंदीतून तिच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता ती इतर जिल्ह्यांतही पसरली. त्या घरी थोरल्या मुलाचे डोळे आले, दुकानातून थेंबांची बाटली आणली, मुलगा बरा झाला आणि बाटली कोनाड्यात राहून गेली. पुढे काही महिन्यांनी घरच्या मांजरीचा एक डोळा लाल झाला, पाणी गळू लागले. आजीने मायेपोटी तीच बाटली काढली आणि दिवसातून तीन वेळा थेंब घातले. पहिल्या दिवशी लाली उतरल्यासारखी वाटली. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरे फूल दिसू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी बाटलीवरचे नाव वाचून सांगितले की, या औषधात स्टेरॉईड आहे. मांजरीच्या डोळ्यावर आधीच बारीक जखम होती, ती या थेंबांनी भरायची थांबली आणि खोल गेली. उपचार झाले, डोळा वाचला, पण फूल कायमचे राहिले. यात आजीच्या मायेला दोष देता येणार नाही. ही गोष्ट तिला आधी कोणी सांगितलीच नव्हती.

ती सांगावी म्हणूनच आजचा लेख. मांजराचा डोळा बिघडला तर मिठाच्या पाण्याने पुसा, उजेडात नीट पाहा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. घरातली जुनी बाटली मात्र त्याच्या डोळ्यात घालू नका. लेखातले बाकी काही विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये.

डोळा बिघडला हे कसे ओळखावे?

निरोगी मांजराचे दोन्ही डोळे सारखे उघडे आणि काचेसारखे स्वच्छ असतात. सकाळी कोपऱ्यात थोडे तपकिरी, सुके चिपड असले तर त्यात काळजीचे काही नाही. पण मांजर डोळा सारखा मिचकावत असेल, एक डोळा मिटून धरत असेल, पंजाने चोळत असेल, उजेड टाळून माच्याखाली जाऊन बसत असेल, तर डोळा दुखतो आहे असे समजावे. डोळ्यातून काय गळते तेही पाहावे. पाण्यासारखे स्वच्छ असेल तर धूर, धूळ किंवा रोगाची सुरुवात असू शकते. पिवळे-हिरवे आणि घट्ट असेल तर पू झाला आहे.

मांजराला नाकाच्या बाजूने येणारी एक तिसरी पापणी असते. एरवी ती दिसत नाही. डोळा दुखू लागला की ती पांढुरक्या कातडीसारखी अर्ध्या डोळ्यावर सरकते. "मोतीबिंदू झाला", "पडदा आला" म्हणून घरचे लोक घाबरतात. तो मोतीबिंदू नव्हे, ती डोळ्याची ढाल आहे. ती ओढण्याचा किंवा मागे लोटण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही डोळ्यांवर ती एकदम दिसू लागली तर पोटात जंत, जुलाब किंवा अशक्तपणा असण्याचीही शक्यता असते.

कारणे कोणती?

पहिले कारण आपल्या घरातच असते. अनेक घरी आता गॅस आला असला तरी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. ओली लाकडे, तुराट्या, पऱ्हाट्या पेटल्या की खोलीभर धूर होतो आणि मांजर तर ऊब म्हणून चुलीजवळच बसते. मच्छर अगरबत्तीचा धूर, मिरची कुटताना उडणारा खकाणा, सणाच्या आधी भिंतीला लावायचा चुना, सोयाबीनची मळणी चालू असताना उडणारा भुसा, उन्हाळ्यातील वावटळीची धूळ, ही सगळी त्यातलीच कारणे. अशा वेळी बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, स्वच्छ पाणी गळते आणि कारण दूर केले की दिवसभरात आराम पडतो.

दुसरे कारण शेतातले. बांधावरच्या गवताचे कुसळ डोळ्यात जाते आणि तिसऱ्या पापणीच्या मागे अडकून बसते. सकाळी बरे असलेले मांजर संध्याकाळी एक डोळा घट्ट मिटून आले, तर कुसळाचा किंवा नखाचा संशय घ्यावा. बोक्यांच्या भांडणात नख लागते ते डोळ्याच्या समोरच्या काचेसारख्या पडद्याला. जखम टाचणीच्या टोकाएवढी असते, पण नखातली घाण आत गेली की एक-दोन दिवसांत ती चिघळते.

तिसरे आणि फार मोठे कारण म्हणजे संसर्ग. मांजरांचा एक खास हर्पीस विषाणू आहे. १९५८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तो प्रथम वेगळा करून दाखविला. त्याच्या जोडीला कॅलिसी नावाचा विषाणू आणि क्लॅमिडिया हे जंतू असतात. यात डोळे सुजतात, शिंका येतात, नाक गळते, ताप येतो, कधी जिभेवर फोड येतात. एका पिल्लाला झाले की सगळ्या वेतीला होते. हर्पीसची खोड अशी की, मांजर बरे झाले तरी बहुधा विषाणू शरीरात दबून राहतो आणि उपासमार, बाळंतपण, घर बदलणे, नवे मांजर येणे असा ताण पडला की पुन्हा डोके वर काढतो. "याचे डोळे दर पावसाळ्यात येतात" असे ज्या मांजराबद्दल म्हटले जाते, त्याच्या बाबतीत बऱ्याचदा हेच असते. त्यात नजर लागणे किंवा करणी असे काही नसते.

येथे माता-भगिनींच्या मनातली शंका दूर केली पाहिजे. मांजराचा हर्पीस माणसाला होत नाही. माणसांत येणारी डोळ्यांची साथ बहुधा माणसाकडूनच माणसाला लागते. तेव्हा लेकराचे डोळे आले म्हणून मांजराला गावाबाहेर सोडून येण्याचे कारण नाही. मांजराचा क्लॅमिडिया मात्र क्वचित माणसाच्या डोळ्याला लागू शकतो, म्हणून डोळे पुसून झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तो हात आपल्या डोळ्याला लावू नये. इतके पुरे आहे.

लहान पिल्लांचे वेगळे सांगितले पाहिजे. जन्मल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत त्यांचे डोळे उघडतात. त्याआधीच पापणी फुगलेली दिसली तर आत पू साठला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. पुढच्या दिवसांतही चिपडाने पापण्या चिकटून बंद राहिल्या तर आत पू साचत जातो आणि पिल्लू कायमचे आंधळे होऊ शकते. पिल्लांना तर एका दिवसाचाही उशीर परवडत नाही.

आणखी एक कारण आहारातले. त्याने डोळे लाल होत नाहीत, पण दृष्टी जाते. टॉरिन नावाचा एक घटक मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही, तो मांसातून आणि मासळीतून मिळतो. तो न मिळाल्यास डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो, हे १९७५ साली संशोधनातून पुढे आले. म्हणून नुसत्या दूध-भाकरीवर मांजर ठेवू नये. घरात मटण-मासळी होईल तेव्हा त्याचा वाटा बाजूला काढावा. मात्र शिजवलेली टोकदार हाडे देऊ नयेत.

घरी करावयाची काळजी

अर्धा लिटर पाणी चांगले उकळावे. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ टाकून विरघळवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. हे पाणी त्या दिवसापुरतेच वापरावे, उरलेले फेकून द्यावे. मीठ जास्त टाकले म्हणजे गुण जास्त येतो असे नाही, उलट डोळा झोंबतो.

मांजराला जुन्या लुगड्यात किंवा टॉवेलात असे गुंडाळावे की फक्त डोके बाहेर राहील. एकाने धरावे, दुसऱ्याने पुसावे. कापूस औषधाच्या दुकानातला घ्यावा. आपल्याकडे घरोघरी शेतातला कापूस असतो, पण त्यात सरकी, पात्याचा चुरा आणि धूळ असते, तो डोळ्याला चालत नाही. कापूस नसेल तर उकळून वाळवलेल्या मऊ सुती धडप्याचे तुकडे घ्यावेत. सुकलेल्या चिपडावर ओला बोळा मिनिटभर ठेवावा, म्हणजे ते मऊ पडते, ओरबाडावे लागत नाही. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे आणि बोळा टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. एकच बोळा दोन्ही डोळ्यांना फिरवला तर एका डोळ्यातला रोग आपणच दुसऱ्यात नेऊन ठेवतो. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे.

आजारी मांजराला धुरापासून आणि उन्हापासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात खोक्यात ठेवावे. त्याची वाटी वेगळी ठेवावी. नाक बंद झाले की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. म्हणून अन्न थोडे कोमट करून द्यावे. दिवसभर काहीच खाल्ले नाही तर ते डोळ्यापेक्षाही गंभीर लक्षण मानावे.

डोळ्यात चुना, फिनेल किंवा फवारणीचे औषध उडाले असेल तर मिठाचे पाणी करत बसू नये. लगेच स्वच्छ पाण्याची बारीक धार निदान १५ मिनिटे सोडावी आणि तसेच दवाखान्यात न्यावे. चुना तर डोळा आतपर्यंत जाळत जातो.

काय करू नये?

माणसाचे थेंब घालू नयेत, हे वर सांगितलेच आहे. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉईड आहे. डॉक्टर कधी कधी तेही वापरतात, पण डोळ्यावर जखम नाही याची खात्री केल्यावर. शिवाय डोळ्यांची बाटली एकदा उघडली की साधारण महिनाभरात टाकून द्यायची असते, मग ती माणसाची असो की जनावराची.

मध, लिंबू, कांद्याचा रस, तूप, काजळ, गुलाबपाणी, बाईचे दूध, तंबाखूचे पाणी, यांतले काहीही डोळ्यात घालू नये. कुसळ डोळ्यात रुतलेले दिसले तर चिमट्याने उपटू नये, ते डॉक्टरांचे काम आहे. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. माणसाला चालणारी ही गोळी मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, एकाच गोळीने मांजर मरू शकते. फिनेलचेही तसेच. मांजर बसते त्या जागी फिनेल ओतू नये, कारण ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर किंवा औषध मांजराला लावू नये, त्यातल्या काही औषधांनी मांजराला झटके येतात.

मांजराचा डोळा दुखत असताना ते चावते, ओरबाडते. तसे झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. हळद-चुना भरून घरी बसू नये. रेबीज झाला की उपाय नाही, त्याआधी मात्र आहे.

डॉक्टरकडे केव्हा आणि कोठे?

डोळा मिटलेलाच राहतो, बुबुळावर पांढरी किंवा निळसर झाक येते, रक्त दिसते, डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात, मांजर भिंतीला धडकते किंवा खाणे सोडते, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी न्यावे. यांतले काही नसेल, नुसते पाणी गळत असेल, तर एक दिवस पुसून पाहावे. दुसऱ्या दिवशी उतार नसेल तर थांबू नये.

आपल्या परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकाचे सरकारी महाविद्यालय आहे. ते आज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांवरही तेथील रुग्णालयात उपचार होतात. आपले अनेक बांधव तेथून रोज जातात, पण आपल्या मांजरालाही ते दार उघडे आहे, हे त्यांना ठाऊक नसते. तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत. गंगाखेड किंवा जिंतूरहून परभणी सुमारे ४० किलोमीटर पडते, तेव्हा आधी तालुक्याला दाखवावे आणि तेथील डॉक्टर सांगतील तसे पुढे यावे. मांजर नेताना झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्यावे, तोंड बांधलेले पोते नको.

डॉक्टर डोळ्यात एक पिवळट-नारिंगी रंगाचा थेंब टाकतील. जखम असेल तर ती निळ्या उजेडात हिरवी चमकते. मिनिटभराची ही तपासणी आहे आणि तिच्यावरच कोणते औषध द्यायचे ते ठरते. ती झाली नाही तर नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, डोळ्यावर जखम आहे का, ते पाहता का?" विचारण्यात कमीपणा नाही. मिळालेला मलम खालची पापणी किंचित ओढून तांदळाच्या दाण्याएवढा घालावा, नळीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. गोळी दिली असेल तर तिच्यामागे थोडे पाणी पाजावे, नाहीतर काही गोळ्या घशात अडकून जखम करतात. डोळा बरा दिसला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

हर्पीस आणि कॅलिसीवर लस आहे. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की पहिली, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. लसीने रोग अजिबात होत नाही असे नाही, पण झाला तरी हलका जातो. रेबीजची लस तर चुकवूच नये. नवे मांजर घरात आले तर दोन आठवडे वेगळे ठेवावे. चूल पेटवताना आणि तिखट कुटताना मांजराला बाहेर काढावे. शस्त्रक्रिया केलेला बोका सहसा कमी भांडतो, त्यामुळे नखांच्या जखमाही कमी होतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून शेवटी हिशेब मांडतो. एका बाजूला अर्धा लिटर पाणी, चमचाभर मीठ, थोडा कापूस आणि अर्ध्या दिवसाची रजा. दुसऱ्या बाजूला पुन्हा पुन्हा दवाखाना, बुडालेली मजुरी, कदाचित डोळा काढण्याची शस्त्रक्रिया आणि जन्माचे आंधळेपण. पहिल्या दिवशी जे जवळजवळ फुकटात होते, ते आठव्या दिवशी कोणत्याही पैशाने होत नाही. हातावर पोट असलेल्यांना रजा घेणे किती जड जाते ते आम्ही जाणतो. म्हणून एक सुचवितो. गल्लीत मांजरे पाळणारी चार-पाच घरे असतातच. त्यांनी एकमेकांत ठरवावे, एकाने दोघा-तिघांची मांजरे नेऊन आणावीत. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास आपल्या मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना अर्ज देऊन वस्तीत लसीकरणाचे शिबिर मागावे. अर्ज लिहिण्यास अडचण असेल तर आम्ही लिहून देऊ.

आणि आज हा अंक वाचून झाला की एक काम करावे. कोनाड्यातल्या, फळीवरच्या डोळ्यांच्या जुन्या बाटल्या काढून फेकून द्याव्यात.